डाव्या बुटातला कापूस

माझ्या भावाचा डावा पाय मी बिघडवला होता. हे एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला साठी उलटावी लागली, आणि लिहून झाल्यावरही वाटतंय, हे पुरतं खरं आहे का? बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. हाड, स्नायू, पेशी, सगळं रंगीत खडूनं फळ्यावर काढून दाखवलं. पोरं माना डोलवायची, आणि मी मनात म्हणायची, बाई, तुला तरी कुठं कळलंय अजून! त्या एका वर्षात आमच्या घरात जे झालं ते तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं होतं, आणि आता अर्धंमुर्धं कळतंय म्हणते, तेही भीतभीतच. इद्रिसला, म्हणजे माझ्या भावाला, सगळं ठाऊक आहे. त्यामुळे आता लपवाछपवी कुणापासूनच नाही.

अब्बा पिंजारी. कारंज्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर, पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. सकाळी चहाच्या आधी पिंजणीचा आवाज सुरू व्हायचा, ठँग तुंई, ठँग तुंई, आणि तो थांबला की मला दचकून जाग यायची. अब्बा लाकडी ठोकळ्यानं पिंजणीच्या ताणलेल्या तांतीवर ठोका मारायचे, तांत कापसात थरथरायची आणि दगडासारखा दबलेला जुना कापूस बघता बघता उडायला लागायचा. तो सगळीकडे जायचा. माठावरच्या झाकणावर, अम्मीच्या भुवयांवर, अंबाडीच्या भाजीत, भाकरीच्या पापुद्र्यात. जेवताना दातात तंतू अडकला की आम्ही तो काढून कपड्याला पुसायचो आणि पुढचा घास घ्यायचो. बाहेरचं माणूस जेवायला बसलं तर त्याची मात्र पंचाईत व्हायची. अम्मी खोळी शिवायची, भरलेल्या गादीला वीतभर लांब सुईनं टाके घालायची. घरात आम्ही आमची हिंदी आणि वऱ्हाडीची खिचडी बोलायचो, ती इथं जमेल तशी मराठीतच लिहिते. आमच्याकडे एखादी वस्तू चांगली म्हणजे ती नरम, आणि वाईट म्हणजे ती कडक, एवढा साधा हिशेब होता. मी अकरा वर्षांची होते आणि मला हा हिशेब चोख येत होता.

आमच्या दुकानात एक खास माल मिळायचा, तो म्हणजे बाळाची मोहरीची उशी. बारीक, चाळलेली मोहरी मऊ मलमलीत भरायची. बाळाचं डोकं त्यावर ठेवलं की मोहरी सरकते, डोक्याला जागा करून देते आणि डोकं गोल होतं म्हणतात. जैन शेठजींच्या घरातनं, तेल्याच्या घरातनं, आमच्या मोहल्ल्यातनं, सगळीकडनं या उशीला मागणी. आणि उशीमागोमाग शेवंताबाई ठरलेली. शेवंताबाई गल्लीतल्या सगळ्या बाळंतिणींना आणि बाळांना मालिश करायची. जात-धर्म तिच्या तेलाच्या वाटीत कधी आला नाही. पायावर बाळ आडवं घालायची आणि त्याचं नाक दोन बोटांनी वर ओढायची, कपाळ दाबायची, कानाच्या पाळ्या चपट्या करायची. मी विचारायची, "काहून दाबतं व मावशी?" ती म्हणायची, "आता नाई दाबलं तं मंग दबत नाई. सव्वा महिना हाड मेनावानी असते." माझ्यापुरतं तेव्हा बाळ म्हणजे अर्धवट सोडलेलं काम होतं, बाकीचं बाहेर आल्यावर आपण हातानं पुरं करायचं.

म्हणून इद्रिस जन्मला आणि त्याचा डावा पाय घोट्यातनं आत वळलेला दिसला, तळवा वरती, बोटं दुसऱ्या पायाकडे, तेव्हा मला काही मोठं वाटलंच नाही. म्हटलं, शेवंताबाई आहे की! पण शेवंताबाईनं पाय हातात घेतला आणि तिचं तोंड उतरलं. "व माय," ती अम्मीला म्हणाली, "तू गिरानात शिवलं होतं का काही?" ग्रहणात गरोदर बाईनं कात्री-सुई धरायची नाही, हे आमच्याकडेही होतं आणि तिच्याकडेही. अम्मीनं बाळ तिच्याकडून परत घेतलं. लग्नसराईचे दिवस होते, सात गाद्यांची खोळ बाकी होती, आणि त्या दुपारी सगळ्या गल्लीनं दारं लावून घेतली असताना अम्मी मागच्या खोलीत शिवत बसली होती. मी समोर होते. मीच दोरा ओवून देत होते.

अब्बांनी मात्र कुणाचं ऐकलं नाही. कुणीतरी अकोल्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्याचं सांगितलं आणि दर आठवड्याला आमची एस.टी. वारी सुरू झाली, मूर्तिजापूरवरून अकोला, अम्मीच्या मांडीवर इद्रिस आणि माझ्या मांडीवर भाकरीचं गाठोडं. डॉक्टर उंच, थकलेले, हळू बोलणारे होते. ते पाय ओढायचे नाहीत, मला तर वाटायचं नुसता धरून बसतात. अंगठ्यानं एका जागी किंचित दाब द्यायचा, पाऊल केसाएवढं बाहेर फिरवायचं आणि त्यावर प्लास्टर घालून टाकायचं. पुढच्या आठवड्यात प्लास्टर भिजवून काढायचं, पुन्हा केसाएवढं. मी धीर करून विचारलं, "डॉक्टरसाहेब, इतकुशानं हाड कसं वळंल?" ते हसले. "हे हाड नाही अजून, पुष्कळशी कूर्चा आहे. जोरात दाबलं तर चिरडेल. हळूच ताणून धरलं, की ती त्या ताणाप्रमाणे वाढते. आपण वळवत नाही बेटा, वाढायला वाट दाखवतो." मला काही म्हणता काही कळलं नाही. शेवंताबाई दाबते, हे दाबत नाहीत. अब्बा कापसाला मारतात तेव्हा तो फुलतो. आणि ही कूर्चा म्हणे ताणाकडे बघून वाढते! तिला डोळे आहेत का? परतीच्या गाडीत मी अम्मीला विचारलं तर ती म्हणाली, "चूप बैठ, बापा. माह्यं डोस्कं दुखून राह्यलं."

पण पाय वळला. आठ प्लास्टरं झाली आणि नववं काढलं तेव्हा इद्रिसचा तळवा जमिनीकडे होता. अम्मीनं त्या पांढऱ्याफटक, सालपटं निघालेल्या पावलाचा डॉक्टरांसमोरच मुका घेतला. मग बूट मिळाले. दोन छोटे चामडी बूट, बोटं बाहेरच्या बाजूला करून एका लोखंडी पट्टीवर ठोकलेले. तीन महिने दिवसरात्र आणि नंतर फक्त झोपेत घालायचे. डॉक्टरांनी अम्मीला तीनदा सांगितलं, टाच बुटात मागपर्यंत टेकली पाहिजे, नाही टेकली तर बूट घातला न घातला सारखाच. अम्मी खोळी शिवायला बसायची, अब्बा पिंजायला, म्हणून बूट घालायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेतनं आले की आधी टाच बघायची.

इद्रिस रडायचा. नुसता रडायचा म्हणजे काय, निळा पडायचा. ते कडक चामडं त्याच्या घोट्याला घासायचं, टाचेवर लाल चट्टा उठायचा. मी पट्टा आवळायची आणि तो माझ्याकडे अशा नजरेनं बघायचा की मीच रडकुंडीला यायची. आता बोला, पिंजाऱ्याच्या पोरीनं काय करावं? मी अब्बांच्या त्या ढिगातला कापूस उचलला, जो ते नवरीच्या उशीसाठी तीनतीनदा पिंजून वेगळा ठेवायचे. डाव्या बुटाचं आतलं अस्तर उसवलं, टाचेकडे आणि आतल्या कडेला कापूस भरला आणि अम्मीनं शिकवलेल्या बारीक टाक्यानं अस्तर पुन्हा शिवलं. वरून दिसेना. हात घातला तर गादीच! त्या दिवशी इद्रिस बूट घातल्यावर रडला नाही, माझी बोटं चोखत झोपून गेला. अब्बा म्हणाले, "पाहा, पोट्टीच्या हातात काय जादू आहे." मी फुशारून गेले. कापूस दबला की मी नवा भरायची. इतका आनंद मला पुढं पगाराच्या पहिल्या दिवशीही झाला नाही, खोटं कशाला बोलू.

चार-पाच महिन्यांनी इद्रिस भिंत धरून उभा राहायला लागला आणि अम्मीच्या लक्षात आलं की डावी टाच टेकत नाही. मग बोटं आत वळायला लागली, रोज थोडी थोडी. आम्ही अकोल्याला गेलो. बूट झोपेतच घालायचे म्हणून ते घरीच खुंटीला होते. डॉक्टरांनी पाय बघितला आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "बूट घातले नाहीत तुम्ही." अम्मी म्हणाली, "घातले जी, कुराणाची शपत, एक दिवस चुकला नाई." ते म्हणाले, मग असं व्हायला नको होतं. पुढच्या आठवड्यात या, पहिल्यापासून प्लास्टर सुरू करू, उशीर केला तर ऑपरेशन करावं लागेल. मी मागं उभी होते. मला खरोखर, अगदी खरोखर वाटलं नाही की याचा माझ्या कापसाशी काही संबंध आहे. कापूस! फुंकर मारली तर उडतो तो. तो हाड वळवणार?  अब्बांनी स्टँडवर आलूबोंडा घेऊन दिला, तो मी न खाता भाकरीच्या गाठोड्यात बांधून ठेवला.

घरी आल्यावर अब्बा बदलले. "आपण सारं केलं," ते म्हणाले. "डॉक्टरनं सरळ केला, वरच्यानं परत वळवला. आता त्याच्यासंगं काय भांडावं? नाई जायाचं अकोल्याले." शेवंताबाई आली, तिनं नुसतं अम्मीकडे बघितलं आणि आल्या पावली परत गेली. अम्मीनं त्या दिवशी कात्री आणि सुया एका डब्यात घालून शेजारी देऊन टाकल्या. शिवणं बंद. आणि इद्रिसला घेणंही बंद. तो तिच्याकडे रांगत आला की ती हात पदराखाली ओढून घ्यायची आणि मला हाक मारायची, "रुकय्या, घे व याले." एकदा मी विचारलं, "तू काहून नाई घेत?" ती म्हणाली, "या हातानंच झालं ना ते." भाकरी थापताना ती आपल्या हातांकडे बघत राहायची आणि तव्यावरची भाकर जळून जायची. आम्ही जळकी भाकर मुकाट्यानं खायचो. असा दीड महिना गेला.

त्या दीड महिन्यात मला काय कळत होतं आणि काय नाही, हे आज सांगणं कठीण आहे. कधी वाटायचं ग्रहणाचंच खरं, कारण दोरा मीच ओवला होता. कधी वाटायचं आपण बुटात काहीतरी केलंय. मग वाटायचं, छे, आपण तर त्याला सुख दिलं. बूट मी अजूनही घालतच होते, कापसासकट, कारण ते काढायचे की घालायचे, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग एका दुपारी एक गिऱ्हाईक जुनी गादी टाकून गेलं. अब्बांनी खोळ उसवली आणि आतला कापूस चटईसारखा उचलून मला दाखवला. "हे पाह्य, हा माणूस रोज उजव्या कुशीवर झोपते. इथं खांदा, इथं कुल्ला." मी म्हटलं, "मंग हा खड्डा त्यानं केला का?" अब्बा म्हणाले, "त्यानं केला. आन् आता त्याले दुसऱ्या कुशीवर झोपता येत नाई, गादी झोपू देत नाई. आता दोघंबी सारखेच वाकडे." ते आपल्याच बोलण्यावर हसले. मी उठले, खुंटीवरचा बूट काढला, कोपऱ्यात बसून दातांनी टाके तोडले. आतला कापूस बिस्किटासारखा घट्ट झाला होता. त्यात टाचेचा खळगा होता, पण बुटाच्या तळाला नाही, वरती आणि आतल्या बाजूला. पाय रोज झोपेत जिकडं जायचं तिकडं थोडा थोडा गेला होता, आणि मी त्याला तिकडं जायला मऊ जागा करून दिली होती.

तो गोळा हातात घेऊन मी किती वेळ बसले कोण जाणे. सांगावं तर मार, न सांगावं तर कुणाला कळणार? चुलीत टाकला की संपलं. अम्मी दारात तूर निवडत होती, इद्रिस तिच्यापासून हातभर लांब बसून तिच्या सुपाकडे हात करत होता, आणि ती सूप लांब लांब सरकवत होती. तेव्हा मला एवढंच सुचलं की नशिबानं वळला असेल तर अब्बा म्हणतात तसं अकोल्याला जाण्यात अर्थ नाही. पण कापसानं वळला असेल तर आहे! मी अब्बांसमोर जाऊन उभी राहिले आणि गोळा त्यांच्या पुढ्यात ठेवला.

अब्बांनी तो उचलला, एक तंतू ओढून दोन बोटांत चोळला. "हा तं माह्या हातचा पिंजलेला आहे. कोठी होता?"

"बुटात."

"कोणं टाकला?"

"मी. तो रडे म्हून."

पिंजणी बाजूला ठेवून अब्बा उठले. मी डोळे मिटून गाल पुढं केला. थप्पड आली नाही. डोळे उघडून बघते तर ते इद्रिससमोर उकिडवे बसून तो गोळा त्याच्या टाचेला लावून बघत होते. बसला, अगदी बरोब्बर बसला. "म्हंजे बुटानं पाय धरला होता," ते हळूहळू म्हणाले, जणू स्वतःलाच. "आपण जागा देली म्हून गेला तो. म्हंजे धरला तं राह्यते!" मग अम्मीकडे वळून म्हणाले, "उद्या पयल्या गाडीनं जाऊ." तिनं सूप खाली ठेवलं, इद्रिसला उचललं आणि त्याचं डावं पाऊल दोन्ही हातांत घेऊन बसली.

इद्रिस आज अनसिंगला असतो. फर्निचरचं दुकान आहे, दिवसभर उभा असतो, टाच टेकवून. डावी पोटरी जरा बारीक, बूट अर्धा नंबर लहान, बस्स. त्याची मुलगी सानिया पुण्यात पेशींवरच काहीतरी शिकते. मागे तिनं मला मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. काचेवर पातळ जेली, जेलीवर एक पेशी, आणि ती पेशी पाय रोवून आपल्याखालची जेली खेचत होती. "फुप्पी, ती ओढून पाह्यते. खालची जागा नरम आहे का कडक, ते ओढल्याशिवाय तिले समजत नाई. नरम जागी ठेवली तं वेगळी होते, कडक जागी ठेवली तं हाडाच्या वळणावर जाते." मी तर उडालेच. म्हटलं, म्हणजे माझा कापूस! ती म्हणाली, "नाई व फुप्पी, बूट आन् पेशी यात लय पायऱ्या आहेत, इतकं सरळ नसते ते." घ्या, पुन्हा तिथंच! तीच सांगते की बाळ पोटात हातपाय मारतं म्हणून त्याचे सांधे नीट होतात, हलू दिलं नाही तर आखडतात. मग इद्रिस कमी हलला होता का? तिला माहीत नाही. एवढ्यानं, एवढ्याशा ओढीनं माणसाचा आकार होत असेल तर आपण सगळे सरळ कसे निघालो, हेच मला आता नवल वाटतं.

तेव्हा, अब्बांना गोळा दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी, अकोल्यात डॉक्टरांनी तो कापसाचा गोळा बराच वेळ निरखला आणि मला रागावले नाहीत. पहिलं प्लास्टर घालताना अम्मीनं त्यांना विचारलं, "जी, पण पयल्यांदा काहून वाकडा आला तो?" ते म्हणाले, "खरं सांगू? आम्हालाही नीट माहीत नाही. पण तुमच्या कात्रीनं नाही, एवढं नक्की." अम्मीनं मान हलवली. तिला पटलं की नाही, ते मला पुढं कधीही कळलं नाही.

नंतर अब्बा चहा आणायला गेले आणि आम्ही तिघं दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो. प्लास्टर ओलं होतं, अम्मी त्याला पदरानं वारा घालत होती. कालपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मला ते सहन होईना. म्हटलं, "अम्मी, मार ना मले. काहीतरी म्हण."

तिनं माझ्याकडे बघितलं. "कापसाचं काय म्हणू? तू त्याच्या भल्यासाठी टाकला. पोट्टीच्या जातीले काय समजते." मग म्हणाली, "पण मी दीड महिना माह्या लेकराले हात नाई लावला, रुकय्या. आन् तू घरातच होती. पाहून राह्यली होती."

मला कळत नव्हतं असं म्हणायचं होतं, आणि ते खरंही होतं, पण मी नुसती पुढं सरकून प्लास्टरला हातानं वारा घालायला लागले.

अम्मीनं पदर खांद्यावर घेतला, इद्रिसला उचललं आणि ओल्या प्लास्टरला धक्का लागू न देता माझ्या मांडीवर ठेवलं. "पलास्तर निघालं का बूट तूच घालशीन," ती म्हणाली. "रडला तरी."